मेंडेलचे गणित आणि अंजन गवत

अंजन म्हटले की आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांपुढे खानदेश-सातपुड्यातला तो चिवट लाकडाचा वृक्ष उभा राहील. आज मी ज्या अंजनाविषयी बोलणार आहे, तो वृक्ष नव्हे. ते एक साधे गवत आहे. मारवाड-गुजरातेच्या कोरड्या कुरणांत ते आपले आपण वाढते, दख्खनच्या अवर्षणी भागात चाऱ्यासाठी मुद्दाम पेरतात, आणि आफ्रिकेत तर त्याचे माहेरच आहे. त्याचे कणीस केसाळ, खारीच्या शेपटीची आठवण करून देणारे. वाऱ्याबरोबर ते बी लांबवर जाते, आणि जेथे पडते तेथे आपल्या आईची हुबेहूब प्रतिमा उभी करते. ‘हुबेहूब’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. अंजनाच्या एका ठोंबाचे बी घेऊन शंभर रोपे केली, तर बहुधा शंभरही त्या ठोंबाचीच पुनरावृत्ती असतात.

यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. खाण तशी माती. पण शेतकऱ्याचा अनुभव याच्या उलट आहे. संकरित बाजरीचे कणीस कितीही भरदार असो, त्याचेच दाणे पुढल्या मृगात पेरले तर शेतात एक उंच, एक बुटके, एक लवकर निसवलेले, एक मागे राहिलेले असा सगळा बाजार भरतो. म्हणून संकरित बियाण्याची पिशवी दर वर्षी नव्याने विकत आणावी लागते. बीजामध्ये आई आणि बाप या दोघांच्या गुणांची फाळणी व्हावी आणि पुन्हा जुळणी व्हावी, हा सृष्टीचा सर्वसाधारण नियम. अंजनाने तो नियम गुंडाळून ठेवला आहे. कसा ठेवला, हे कळायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची हकीकत मला सांगावयाची आहे.

तिचा आरंभ गवतात होत नाही. लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात होतो. तेथे ऑस्ट्रेलियाच्या मोर्टन बे भागातून आलेली, एरंडाच्या कुळातील एक काटेरी पानांची वनस्पती लावलेली होती. तिच्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि क्यूला आली होती ती केवळ मादी झाडे. साऱ्या इंग्लंडात तिचा एकही नर नव्हता. तरीही तिला बी धरू लागले आणि ते रुजूही लागले. उद्यानाचे प्रमुख माळी जॉन स्मिथ यांनी १८३९ साली ही गोष्ट लिनियन सोसायटीपुढे मांडली आणि त्या झाडाला नाव दिले ‘सीलेबोजिनी’, म्हणजे अविवाहित स्त्री. नाव समर्पक होते, पण कारण कोणाला सांगता येईना. कोठेतरी लपलेला नर असणारच, असे म्हणणारेही निघाले. ‘बाप दाखव नाही तर श्राद्ध कर’ हा न्याय विज्ञानातही चालतो.

याच कोड्याने पुढे एका थोर माणसाची कशी फसगत केली ते पाहण्याजोगे आहे. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्र्युन येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६५ साली वाचले आणि १८६६ साली छापले. वाटाण्याचा संकर केला की पहिली पिढी सारखी येते आणि दुसऱ्या पिढीत गुण ठराविक प्रमाणात फुटतात, तीनास एक, नवास तीन तीन एक, हे त्यांनी दाखविले. हा नियम इतर वनस्पतींनाही लागतो हे सिद्ध करावे म्हणून त्यांनी सूर्यफुलाच्या कुळातील ‘हायरॅशियम’ ही वनस्पती घेतली. म्युनिकचे प्रख्यात प्राध्यापक नेगेली तिचे जाणकार होते आणि मेंडेलचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. हायरॅशियमचे फूल म्हणजे अनेक इवल्या फुलांचा गुच्छ. त्या प्रत्येक पुष्पकातून परागकोश काढून टाकायचे, तेही आरसा आणि भिंगाच्या साहाय्याने प्रकाश एकवटून. या कामाने मेंडेलचे डोळे दुखावले आणि काही काळ काम थांबवावे लागले.

आणि हाती काय आले? वाटाण्याच्या नेमके उलट. संकराची पहिलीच पिढी निरनिराळ्या रूपांची, आणि नंतरच्या पिढ्या मात्र आपल्या आईसारख्या, न फुटणाऱ्या. १८६९ च्या जूनमध्ये मेंडेल यांनी हा निष्कर्ष प्रामाणिकपणे सभेपुढे ठेवला. आपल्या नियमाच्या आड येणारा पुरावा इतक्या सरळपणे छापणारा माणूस विरळा. मला तर वाटाण्याच्या निबंधापेक्षा या छोट्या निबंधातच त्यांचा स्वभाव अधिक दिसतो. १८८४ साली मेंडेल वारले, तेव्हा वाटाण्याचा नियम जगाने ओळखलेला नव्हता आणि हायरॅशियमचे कोडेही सुटलेले नव्हते.

१९०० साली मेंडेलचा नियम पुन्हा उजेडात आला. त्यानंतर तीनच वर्षांनी डेन्मार्कच्या ओस्टेनफेल्ड आणि रॉन्किएर या दोघांनी एक अगदी साधा प्रयोग केला. हायरॅशियमच्या न उमललेल्या कळीचा वरचा भाग त्यांनी वस्तऱ्याने छाटून टाकला. परागकोश गेले, पराग झेलणारी कुक्षीही गेली. राहिले ते खालचे किंजपुट तेवढे. तरीही त्यात बी भरले. मेंडेल ज्याला संकराची संतती समजून मोजत होते, ती बव्हंशी आईने एकटीने घडविलेली होती. गणित चुकले नव्हते. जेथे फाळणीच होत नाही तेथे ते लावले गेले होते. १९०८ साली जर्मनीच्या हान्स विंक्लर यांनी अशा प्रकारांसाठी ‘ॲपोमिक्सिस’ ही संज्ञा रूढ केली. आपण तिला असंगजनन म्हणू.

आता गवताकडे वळू. परंतु त्याआधी असंगजननात फुलाच्या पोटात काय घडते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. नेहमीच्या फुलात बीजकातील एका पेशीचे विभाजन होऊन तिची गुणसूत्रे निम्मी होतात; त्या निम्म्या गुणसूत्रांच्या पेशीपासून गर्भकोश बनतो; त्यातल्या अंड्याशी परागातील नरपेशी मिळते आणि पुन्हा पूर्ण संख्या भरते. अंजनात ही निम्मी झालेली पेशी बहुधा मरून जाते. तिच्या शेजारची बीजकाच्या अंगाचीच एखादी साधी पेशी, जिची गुणसूत्रे पूर्ण आहेत, ती फुगते आणि तीच गर्भकोशाची जागा बळकावते. तिच्यातले अंडे नरपेशीची वाट न पाहता वाढू लागते. म्हणजे दोन पायऱ्या गाळल्या गेल्या: निम्मे होणे आणि जुळणे.

मात्र येथे एक खुबी आहे. अंजनाला परागाची गरज मुळीच नाही असे नाही. गर्भाच्या पोषणासाठी बियात जो अन्नाचा साठा, म्हणजे पुष्क, तयार व्हावा लागतो, तो परागातील नरपेशी आल्याखेरीज होत नाही. गर्भ एकट्या आईचा, पण शिदोरीत बापाचा वाटा, असा हा विलक्षण संसार आहे. त्या शिदोरीतही आईचे दोन आणि बापाचा एक असे प्रमाण नेहमीप्रमाणे राखले जाते. कारण अंजनासारख्या गवतांच्या या गर्भकोशात आठांऐवजी चारच केंद्रके असतात, आणि पुष्कासाठी आईचे एकच, पण पूर्ण गुणसूत्रांचे, केंद्रक मिळते. हा हिशेब किती काटेकोर आहे हे पुढे संकर करू पाहणाऱ्यांना चांगलेच कळले.

गवतांतील असंगजननाचा पहिला चांगला अभ्यास थंड देशांत झाला. स्वीडनचे आर्ने म्युन्टसिंग यांनी १९३३ साली ‘पोआ’ या गवताच्या जातींवर लिहिले. त्यातलीच एक जात पाश्चात्त्य देशांतल्या हिरवळींवर लावतात. १९३६ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात मेरियन येथील गोल्फच्या मैदानावर, तेथील देखरेख करणारे जोसेफ व्हॅलेन्टाइन यांना या गवताचा एक दाट, तजेलदार पुंजका दिसला. त्याचे बी धरले, वाढविले, आणि तोच एक पुंजका पुढे देशभरच्या अंगणांतून पसरला. आंब्याला आपण कलमे बांधतो. येथे निसर्गच बियातून कलमे बांधून देत होता.

पण पैदासकारांना या गवतांचा राग येई, आणि तो साहजिक होता. एखाद्या जातीला थंडी सोसत नाही, दुसरीला सोसते पण तिचा चारा भरड. दोघींचा संकर करून नवी जात काढावी, हे त्यांचे नित्याचे काम. येथे मादी म्हणून कोणतीही घ्या, कोणाचाही पराग टाका, बियातून पुन्हा तीच मादी हसत उभी! अंजन हे असंगजननी आहे असे १९५४ साली अमेरिकेतील फिशर, बॅशॉ आणि होल्ट यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी स्नायडर, हर्नांडेझ आणि वॉर्मके यांनी त्याची गर्भकोशातली रीत उलगडली. त्याच दशकात ही रीत आपल्या ओळखीच्या आणखी काही गवतांत सापडली. दख्खनच्या डोंगरउतारांवर धोतराला आणि पातळाला बिलगणारे ते कुसळी गवत. गुरांना प्रिय असलेले मारवेल. माळावरच्या ज्या गवतांना आपण रानटी म्हणून ओलांडून जातो, त्यांच्यात वंशरक्षणाची ही काटेकोर तजवीज चाललेली असते.

जे गवत संकरच होऊ देत नाही, त्याच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करायचा कसा? आनुवंशिकता म्हणजे फाळणी मोजणे. आणि फाळणी तर नाहीच. या पेचातून सुटण्याची एकच फट होती. असंगजननी गवत आई म्हणून संकराला नकार देते, पण त्याचा पराग नेहमीच्याच रीतीने निम्मा होऊन तयार होतो. म्हणजे त्याला बाप करता येईल. हवी फक्त एक लैंगिक रीतीने बी धरणारी मादी. अलैंगिक गवताचे रहस्य कळण्यासाठी आधी त्याचे लैंगिक भावंड शोधणे भाग होते.

हा शोध निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या मार्गांनी झाला. जॉर्जियातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी ‘बाहिया’ गवताच्या बाबतीत ती मादी चक्क घडविली. त्या गवताचा चाळीस गुणसूत्रांचा प्रकार असंगजननी, तर वीस गुणसूत्रांचा लैंगिक. लैंगिक प्रकाराची गुणसूत्रे कोल्चिसीन या औषधाने दुप्पट करून त्यांनी चाळीस गुणसूत्रांची लैंगिक मादी उभी केली आणि १९६० साली फोर्ब्ज यांच्यासह त्यावरचे काम प्रसिद्ध केले. गिनी गवतासाठी फ्रेंच संशोधक कोंब आणि पेर्नेस पूर्व आफ्रिकेत हिंडले, आणि तेथे त्यांना लैंगिक प्रकार रानातच आढळले.

अंजनाच्या बाबतीत दैवाने साथ दिली. टेक्सासमध्ये बॅशॉ यांना हजारो एकसारख्या ठोंबांत एक वेगळा ठोंब मिळाला. त्याची संतती सारखी नव्हती; कोणी उंच, कोणी पसरट, कोणी वेगळ्या रंगाचे. पैदासकाराच्या नजरेला असली सरमिसळ म्हणजे भेसळ, आणि भेसळ दिसली की ती उपटून टाकायची. बॅशॉ यांनी ती उपटली नाही. तो ठोंब लैंगिक रीतीने बी धरीत होता. १९६२ साली त्यांनी हे जाहीर केले, आणि १९६६ साली टॅलियाफेरो व बॅशॉ यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या ठोंबाचे स्वतःच्याच परागाने धरलेले बी पेरले, तर त्याच्या मुलांत काही लैंगिक निघाली आणि काही पुन्हा असंगजननी. प्रमाण काय? तेरास तीन.

आनुवंशिकतेचा ओनामा शिकलेल्या कोणालाही हे आकडे ओळखीचे वाटतील. सोळा हा मेंडेलच्या दोन जोड्यांचा हिशेब आहे. एक घटक असंगजनन आणतो. दुसरा घटक असला तर तो पहिल्याला दाबून ठेवतो आणि लैंगिकता टिकवितो. सोळांपैकी नऊंत दोन्ही घटक, तिघांत केवळ दाबणारा, एकात कोणताच नाही. ही तेरा लैंगिक. उरलेल्या तिघांत आणणारा आहे, दाबणारा नाही, ती असंगजननी. अंजनात गुणसूत्रांचे चार-चार संच असल्यामुळे खरा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, आणि १९९४ साली शेरवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तसा मांडलाही. पण दोन घटकांची ती मूळ कल्पना टिकली. वाटाण्याच्या निबंधाला १९६६ साली बरोबर शंभर वर्षे झाली होती. हायरॅशियममध्ये ज्या ठिकाणी मेंडेलचे गणित अडले, त्याच ठिकाणी, असंगजननाच्या उंबरठ्यावर, एका रानगवताने ते पुन्हा सोडवून दाखविले. असंगजनन हा नियमाला अपवाद नव्हता. अपवाद करण्याची शक्तीच मुळी नियमाप्रमाणे वारशाने जात होती. गिनी गवतात फ्रेंच संशोधक साव्हिदां यांना तर अधिक सोपे चित्र दिसले: लैंगिक मादी आणि असंगजननी नर यांच्या संततीत निम्मी एक, निम्मी दुसरी. एकच प्रभावी घटक.

आता पैदासकारांच्या रागाचे लोभात रूपांतर झाले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. हा घटक संकरित धान्यात आणता आला, तर संकराचा जोम एकदाच मिळवायचा आणि पुढे बियातून तो जसाच्या तसा टिकायचा. भारतात हा विचार केवळ ग्रंथांतला राहिला नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली, १९६५ साली एचबी-१ ही संकरित बाजरी. त्या बाजरीची मादी ‘टिफ्ट २३ ए’ ही बाहिया गवताच्या त्याच बर्टन यांच्या टिफ्टनहून आली होती. लुधियानाला अठवाल यांनी तिचा संकर केला. दर वर्षी नवे बी विकत घेण्याची रीत खेड्यापाड्यांत त्याच वर्षांत रुळू लागली. १९६८ साली एन. जी. पी. राव व नारायण यांनी ज्वारीच्या एका वाणात अंशतः असंगजनन होत असल्याचे प्रसिद्ध केले, आणि बियाणे घरचे राहील अशी आशा उत्पन्न झाली. ते शेतकऱ्याच्या हाती देण्याइतके खात्रीचे मात्र ठरले नाही.

बाजरी ही अंजनाची जवळची नातेवाईक. वनस्पतिशास्त्रज्ञ आता दोघींना एकाच प्रजातीत घालतात. टिफ्टन येथेच १९८० च्या दशकात हॅना आणि दुजार्दँ यांनी बाजरीचा संकर तिच्या एका रानटी असंगजननी आप्ताशी केला आणि पुन्हापुन्हा बाजरीकडे वळवीत नेला. शेवटी अठ्ठावीस गुणसूत्रे बाजरीची आणि एकच परकीय, अशी एकोणतीस गुणसूत्रांची असंगजननी रोपे हाती आली. म्हणजे सारे रहस्य त्या एका गुणसूत्रावर होते. पण बी नीट भरेना. शिदोरीचा तो काटेकोर हिशेब आणि परक्या गुणसूत्राचे ओझे दोन्ही आड आली. पेगी ओझायस-एकिन्स यांच्या गटाने १९९८ साली त्या गुणसूत्राचा नेमका भाग हेरला, आणि तो लैंगिक जोडीदार नसलेला, एकांडा असावा असे सुचविले. २०१५ साली त्याच भागातला एक जनुक त्यांनी लैंगिक बाजरीत घातला, तेव्हा बाजरीचे अंडे फलनावाचून गर्भ होऊ लागले. अर्धे कोडे सुटले: न जुळता वाढणे.

न निम्मे होता राहणे, हे दुसरे अर्धे. त्यात एक पाऊल हैदराबादला पडले. तेथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात इम्रान सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली मोहरीच्या कुळातील एका इवल्या वनस्पतीत, एकच जनुक बिघडला तर स्त्रीपेशींची गुणसूत्रे निम्मी होत नाहीत, हे दाखविले. दुसऱ्या वाटेने, तीन जनुके बंद करून, फ्रान्समध्ये २००९ साली तेच साधले. २०१९ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे इम्तियाझ खांडे, व्यंकटेशन सुंदरेशन आणि त्यांचे सहकारी यांनी भातात ही दोन्ही अर्धी एकत्र आणली. भाताने बियातून आपली प्रतिकृती दिली, जास्तीत जास्त सुमारे तीस टक्के. २०२२ साली संकरित भातात हे प्रमाण पंचाण्णव टक्क्यांवर गेल्याचे प्रसिद्ध झाले.

हे बी कोणाचे, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी आधीच विचारून ठेवला आहे. १९९८ साली इटलीतील बेलाज्जो येथे जमलेल्या संशोधकांनी एक जाहीरनामा काढला: असंगजननाचे तंत्र मूठभरांच्या एकस्वात अडकू नये, गरीब शेतकऱ्यापर्यंत ते पोहोचले पाहिजे. ज्यांचा व्यापार दर वर्षी विकल्या जाणाऱ्या पिशवीवर चालतो त्यांना हे कितपत रुचेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणखी एक गोष्ट अंजनाचेच उदाहरण सांगते. टेक्सासमध्ये १९४९ पासून जे अंजन लक्षावधी एकरांवर पेरले गेले, ते बव्हंशी एकाच वाणाचे, म्हणजे जवळजवळ एकाच ठोंबाचे. १९९० च्या दशकात त्यावर करपा आला, आणि एकसारख्या कुरणांत तो बिनविरोध पसरला. ‘टिफ्ट २३ ए’च्या पोटी आलेली संकरित बाजरी सत्तरीच्या आरंभी गोसावी रोगाने अशीच झोडपली गेली होती, महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्यांना कणसाच्या जागी पानांचा झुपका आलेली ती बाजरी आठवत असेल. एकसारखेपणा बाजारातून विकत आणलेला असो की घरच्या बियातून आलेला, रोगाला तो सारखाच सोयीचा. म्हणून झाशीच्या चारा संशोधन संस्थेत आणि जोधपूरच्या मरुप्रदेश संस्थेत अंजनाचे निरनिराळे प्रकार गोळा करून जपले आहेत. टेक्सासमध्ये बॅशॉ यांच्या लैंगिक ठोंबापासून पुढे नवी असंगजननी वाणे काढण्यात आली. कळपातून वेगळा पडलेला तो एक ठोंब उपटला गेला असता, तर त्यांतले एकही निपजले नसते.